दुर्बिणीचं कोपर

माझ्या मोठ्या जावेला मी तोंडावर ‘बाई’ म्हणते. मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती मला ‘मास्तरीण’ म्हणते, आणि तिच्या मनात जे असेल ते तोंडावरच बोलून मोकळी होते. आम्हा दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, एकामागोमाग गेले. मुलं पोटापाण्यासाठी नागपूर-पुण्याला. साकोलीहून आत, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात, त्या घरात आता आम्ही दोघीच. भांडायला तिसरं माणूस नाही, म्हणून एकमेकींना जपून असतो.

मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले त्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मला एक दुर्बीण दिली. जन्मभर फळ्यावर शनीची कडी काढत आलात मॅडम, आता एकदा डोळ्यांनी बघा, म्हणाले. मी स्टेजवरच रडले. मग बघितली कडी, आठ-दहा दिवस बघितली, आणि मान अशी धरली की पट्टा बांधून बसावं लागलं. बाईंना तेवढंच हवं होतं. "घे आता," म्हणाल्या, "वर पाहू पाहू मान मोडली. खाली पाहाले काय कमी हाय व?"

त्यावरून मला सुचलं की खाली बघू. आमच्या घराच्या स्लॅबवरून समोर गावची बोडी दिसते. बोडी म्हणजे लहान तलाव, धानाला पाणी द्यायला बांधलेला. डाव्या टोकाला मातीची पाळ आहे, तिच्यावरून पलीकडे जायची पायवाट. उजव्या टोकाला नाला, जंगलातून येऊन बोडीत पडणारा. आणि थेट समोर, पाण्यापलीकडे, मोहाच्या झाडांची रांग. तिच्यामागे जंगल. मध्ये अर्धा किलोमीटर तरी असेल. बगळे, पाणकोंबड्या, कधी करकोचे. मी ठरवलं, यांचे फोटो काढायचे, आणि दुर्बिणीतून काढायचे.

मोबाइलनं जमलं नाही. हात हलायचा, वर्तुळ पळायचं. मग कपाटातून जुना कॅमेरा काढला, शाळेच्या सहलींना नेत असे तो, खिशात मावणारा. चालू केला की त्याचं भिंग घर्र करत पुढं येतं. ते भिंग दुर्बिणीच्या डोळा लावायच्या काचेसमोर अगदी नीट, मधोमध यायला हवं. जरा सरकलं की फोटोत अमावास्येकडच्या चंद्रासारखी काळी कोर. साकोलीच्या नळ फिटिंगच्या दुकानात मी दुर्बिणीचा तुकडा घेऊन गेले. दुकानदारानं दहा जोड लावून बघितले आणि विचारलं, "मॅडम, हा कोणत्या कंपनीचा नळ हाय?" शेवटी एक प्लास्टिकचा जोड बसला. आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, म्हणजे घट्टही बसेल आणि भिंगाच्या मोटरला अडणारही नाही. फ्लॅशवर काळी टेप. बटण दाबलं की हादरा बसतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा, दाबून हात मागे घ्यायचा, श्वास धरायचा. झूम थोडा वाढवला की काळं कडं फोटोबाहेर जातं. हे सगळं शोधायला मला महिना लागला. साठीच्या आसपास माणूस एवढं करतं म्हणजे थोडं नाही, असं मला तेव्हा फार वाटत होतं.

पहिला नीट फोटो आला तो बाईंचा. मार्चचा शेवट होता, मोह गळायला लागला होता. आमच्याकडे मोहाची झाडं ज्या त्या घरची ठरलेली असतात. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जमीन काळीभोर करायची, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. पहाटे सगळ्या बायका मिळून पाळीवरून जातात, पण पलीकडे गेलं की जी ती आपापल्या मोहाखाली. दुसरीच्या झाडाखाली कुणी बसत नाही. बाई खाली बसून, मान घालून वेचत होत्या. मी टायमर लावला, श्वास धरला. फोटो लख्ख आला, फक्त उलटा. जमीन वर, बाई खाली डोकं करून लोंबकळणाऱ्या.

"हे काय व? मले वटवाघुळासारखी टांगली!" बाई दोन दिवस शेजारणींना सांगत हिंडल्या.

दुर्बिणीतून असंच उलटं दिसतं. आकाशात चालतं, चंद्राला कुठलं आलं डोकं. पण दुर्बिणीसोबत एक काटकोनात वाकलेला तुकडा येतो, नळाच्या एल्बोसारखा. मी त्याला कोपर म्हणते. आत एक लहानसा आरसा असतो. तो मध्ये लावला की चित्र सरळ उभं राहतं, शिवाय मान न वाकवता वरून बघता येतं. मी कोपर लावलं, त्याच्यावर कॅमेरा बसवला, आणि दुसऱ्या दिवशी बाई सरळ आल्या. पाय खाली, डोकं वर. मला वाटलं, झालं काम.

तो आरसा लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

बाईंनी फोटो बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "मी कोणत्या हातानं वेचून राहिली?"

"हातानं वेचताय, पायानं नाही. बघा न बाई किती साफ आलं, बांगड्या दिसतात."

"डाव्या हातानं काहून? मी काय डावखोरी हाव?"

"आधी चष्मा लावा तुम्ही."

त्यांनी चष्मा नाही लावला. आपला उजवा हात समोर धरला, उलटापालटा केला, मोहाच्या चिकानं बोटं पिवळी झालेली. "असन बाप्पा," म्हणाल्या, "तू शिकेल-सवरेल बाई." आणि चुलीकडे गेल्या. मी हसले. खरंच सांगते, मोठ्यानं हसले.

त्या साली गावात काहीतरी बिनसलेलं होतं. कुत्री पाळीच्या पलीकडे जाईनात. अर्ध्यापर्यंत जायची, थांबायची, शेपूट घालून परतायची. जंगल खात्याची गाडी भोंगा लावून फिरून गेली होती, उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकटं जाऊ नका. नाल्याच्या वरच्या अंगाला कुणाची तरी गाय सापडली, मागचा भाग नसलेली. त्याचं नाव आमच्याकडे सकाळी घेत नाहीत, रानात तर नाहीच. ‘तो’ म्हणतात, नाहीतर नुसतं हातानं दाखवतात. मी मात्र शाळेत ‘वाघ’ असं स्पष्ट म्हणायची सवय लावलेली. मी म्हटलं की बाई कानावर हात ठेवायच्या. त्यांची अशी पुष्कळ शास्त्रं होती. रानात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला नाही. तिसरी आली तर माणूस समजायचं, तेव्हाच वर बघायचं. मी यावर त्यांच्याशी तीस वर्षं वाद घातला.

चौथ्या की पाचव्या दिवशीची गोष्ट. सकाळी मी नेहमीसारखे वीसेक फोटो काढले आणि दुपारी जेवणानंतर मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर मोठे करून बघायला बसले. बाई अंगणात मोह वाळत घालत होत्या, गोड आंबूस वास घरभर. एका फोटोच्या डाव्या बाजूला, बाईंच्या शेजारच्या गवतात, दोन पांढरे ठिपके दिसले. जवळजवळ, सारख्या उंचीवर. मोहाचं फूल असेल वाटलं. पण फूल गुडघाभर गवताच्या वर कसं? त्याच्या आधीच्या फोटोत बघितलं, ठिपके होते, जरा लांब. त्याच्या आधीच्यात आणखी लांब. आणि सगळ्यात पहिल्या फोटोत नव्हते.

वाघाच्या कानामागे पांढरा डाग असतो. हे मी मुलांना शिकवलेलं आहे. मी उठून अंगणात गेले आणि बाईंना नुसती बघत उभी राहिले. ती बाई पाऊण तास तिथे बसली होती, टोपली भरून पाळीवरून गाणं गुणगुणत घरी आली होती, आणि आता माझ्यासमोर फुलं पसरत होती.

"काय पाहून राहिली भूत पाहिल्यावानी?"

मी त्यांना आत ओढून नेऊन दाखवलं. त्यांनी डोळे बारीक केले. "मले त काई दिसत नाही व," म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता.

मी जंगल खात्याच्या गार्डला फोन लावला. आमच्या भागाचा गार्ड माझ्याच हाताखाली शिकलेला, पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, पण मला बघितलं की अजून हात मागे बांधून उभा राहतो. चारच्या सुमारास आला. फोटो बघून गंभीर झाला. आम्ही तिघं पाळीवरून पलीकडे गेलो. बाईंच्या मोहाखाली काळी जमीन, दोन्ही बाजूंना वाळलं गवत, सारखंच. मी झाडाला पाठ लावून, बोडीपलीकडचं आमचं घर कुठं ते बघून बाजू पक्की केली. फोटोत डावीकडे, म्हणजे घरून बघताना डावीकडे, म्हणजे पाळीची बाजू.

"इथे. इथे बसला होता," मी म्हटलं.

गार्डनं तिथलं गवत बाजूला सारून सारून बघितलं. जमीन कडक, मुरमाड. पंजा नाही, बसल्याची जागा नाही, केस नाही. मग तो डोकं खाजवत दुसऱ्या बाजूला निघाला. "मॅडम, नाल्याच्या आंगानं बी पाहून घेऊ का? तिकडं ओल हाय, सावली हाय. पाळीकडून त लोकं जाऊन राहिले, इथं कायले बसन तो?"

आणि मी त्याच्यावर ओरडले. "फोटो माझ्याकडे आहे की तुझ्याकडे? मी पाळीकडे म्हणते तर पाळीकडे बघ. शाळेतही असाच होतास, प्रश्न एक, उत्तर भलतंच."

"हो मॅडम," तो म्हणाला, आणि वळला. नाल्याकडे दहा पावलं गेला होता, तिथून परत आला. पुन्हा कडक जमीन बघितली. शेवटी म्हणाला, गवतच असेल मॅडम, वाऱ्यानं हललं असेल, तरी पण जपून राहा. मोटारसायकलला किक मारून गेला. परत येताना बाई म्हणाल्या, "गवत फोटोत पकडून गावभर बोंबलली मास्तरीण." मला इतका राग आला की मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

पण जेवताना राहवेना. म्हटलं, उद्या जाऊ नका.

"मोह काय माह्यासाठी थांबते? आठ दिवस गळते न मंग सालभर नाही. सगळ्या जाऊन राहिल्या, मीच कायले घरी बसू?"

"मग एक ऐका. पाळीच्या बाजूला बसू नका. झाडाच्या नाल्याकडच्या अंगाला बसा. फोटोत ते पाळीकडे होतं. माझ्या समाधानासाठी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांत माझी एक गोष्ट त्यांनी ऐकलेली नाही. भातात मीठ कमी घाला म्हटलं तर जास्त घालणारी बाई. त्या दिवशी म्हणाल्या, "बसीन व माय, नाल्याकडं बसीन. आता जेवू दे."

सकाळी उजाडलं तसं मी स्लॅबवर गेले. दुर्बीण लावली, कोपर लावलं, कॅमेरा चढवला. बोडीवर धुकं नव्हतं, पाणी सपाट, पक्षी एकही नाही. एकही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बाईंचं झाड आणलं. बाई बसलेल्या दिसल्या, हिरवं लुगडं, आणि झाडाच्या डाव्या अंगाला. पाळीच्या अंगाला. कालच्या त्या ठिपक्यांच्या जागी.

माझं डोकंच फिरलं. मुद्दाम. मला चिडवायला मुद्दाम तिथेच बसली ही बाई! आज घरी येऊ दे, असं म्हणत मी तावातावानं मान वर केली आणि दुर्बिणीच्या नळीवरून, साध्या डोळ्यांनी पलीकडे बघितलं.

हिरवा ठिपका झाडाच्या उजवीकडे होता. नाल्याकडे.

पडद्यावर बघितलं, डावीकडे. डोळ्यांनी बघितलं, उजवीकडे. पडद्यावर बाई डाव्या हातानं वेचत होत्या. आरशातल्या प्रतिमेची उजवी-डावी बाजू अदलाबदल होते, हा आठवीचा धडा. बत्तीस वर्षं मी वर्गात मुलांना आरशासमोर उभं करून उजवा हात वर करायला लावला आहे. गार्डलाही लावला असेल. ठिपके पाळीकडे कधीच नव्हते. ते नाल्याकडे होते, आणि मी बाईंना हातानं दाखवून तिथे नेऊन बसवलं होतं.

त्यांचा मोबाइल घरात चार्जिंगला. मी कठड्याशी जाऊन ओरडले, "बाईऽऽऽ!" सकाळी पाण्यावरून आवाज लांब जातो. पडद्यावर बघितलं, त्या थबकल्या. हात थांबला. पण मान वर केली नाही.

पहिली हाक.

"बाईऽऽ, उठाऽऽ!" तरी बसूनच. त्यांच्यामागचं गवत हललं. वारा नव्हता. मी रडत होते का ओरडत होते मला माहीत नाही, तिसरी हाक माझ्या घशातून निघाली तेव्हा बाईंनी मान वर केली, घराच्या दिशेला, आणि ओ द्यायला हात उंचावला. उजवा हात. पडद्यावर डावा.

बटण मी केव्हा दाबलं होतं कोण जाणे, कॅमेरा टायमरवर होता. तो टिक टिक करत राहिला.

बाकीच्या बायकांनी टोपल्या, डबे बडवत आरडाओरडा केला म्हणून त्यानं सोडलं. साकोली, तिथून भंडारा, तिथून नागपूर. डॉक्टर म्हणाले, नेमक्या वेळी मान वर केली म्हणून मानेऐवजी हात सापडला, नाहीतर हातात काही राहिलं नसतं. हातसुद्धा राहिला नाही. चौथ्या दिवशी जखम चिघळली आणि कोपराच्या वरून काढावा लागला.

गार्ड नागपूरला भेटायला आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात हात मागे बांधून उभा राहिला. नाल्याच्या ओल्या मातीत ठसे सापडले होते, एकावर एक, पाच-सहा दिवसांचे. "मॅडम, त्या दिवशी मी तिकडं..." म्हणाला आणि थांबला. शाळेतही मी त्याला वाक्य पुरं करू देत नसे.

बाई दोन महिन्यांनी घरी आल्या. गाव बघायला लोटलं. एके दिवशी त्यांनी माझ्याकडे तो जुना फोटो मागितला, पहिला सरळ आलेला. मी देईना तर इतकी आदळआपट केली की द्यावा लागला. त्यांनी तो साकोलीहून मोठा करून, काच लावून आणवला आणि भिंतीवर टांगला. आता येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना त्या डाव्या हातानं फोटो दाखवतात. "पाह्य व, तवाच डाव्या हातानं वेचून राहिली. मास्तरणीच्या मशीनीले पयलेच मालूम होतं. माह्या नशिबातच लिहेल होतं." बायका तोंडाला पदर लावतात, च्च च्च करतात, फोटोला हात जोडतात.

नशीब, शकुन, लिहिलेलं, या शब्दांवर मी जन्मभर चिडत आले. वर्गात पोरांना उभं करून झापलं आहे. आता बाई ते बोलतात आणि मी चहा गाळत राहते. एक वाक्य आहे माझ्याजवळ, आठवीच्या पुस्तकातलं. ते मी अजून उच्चारलेलं नाही. उच्चारलं तर त्यांना कळेल की नशीब नव्हतं, मी होते.

एका हातानं वेणी घालता येत नाही, म्हणून रोज सकाळी मीच त्यांची घालते. पहिले काही दिवस आरशासमोर बसवून घालायचे. एकदा भांग पाडताना माझी नजर आरशात गेली. मागच्या भिंतीवरचा फोटो आरशात दिसत होता, आणि त्यात बाई उजव्या हातानं मोह वेचत होत्या. अगदी जशा वेचायच्या तशा. बाईही समोरच बघत होत्या. माझा हात त्यांच्या केसात तसाच थांबला.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचं स्टूल फिरवून त्या फोटोच्या भिंतीकडे तोंड करून ठेवते.

"काहून व?" त्यांनी विचारलं.

"तिकडून ऊन येते तुमच्या डोळ्यात."

बाईंनी फणी माझ्या हातात दिली. त्या खोलीत सकाळी ऊन येत नाही, हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत आहे.